सम्राटाच्या खांद्यावर

मित्रांनो, मी एक म्हातारा, केस झडलेला कुत्रा आहे. माझं नाव ग्रीम. आता मी स्वयंपाकघरात चुलीपाशी पडून असतो आणि येणारा-जाणारा माझ्या शेपटीवर पाय देतो. पण एके काळी मी सम्राट एकहार्टचा कायदा होतो. हसू नका, खरंच होतो!

माझा जन्म सामानाच्या गाडीत झाला. आमच्या सम्राटाला एक असं घर नव्हतंच. एका गढीतलं धान्य संपलं की सारा दरबार गाड्या जुंपून दुसऱ्या गढीकडे निघायचा. जाईल तिथे सम्राट न्याय करायचा. कुणा सरदाराने गोरगरिबांचं घरदार जाळलं, तर त्याने कुत्रा खांद्यावर घेऊन लोकांदेखत शिवेपर्यंत चालायचं. तो कुत्रा म्हणजे मी. असे पाच सरदार माझ्या ओझ्याने घामाघूम झाले. एकाने तर खाली टाकून वर लाथही घातली.

मग एकदा खुद्द युवराज डीटमारने शिकारीच्या भांडणात ओडा नावाच्या विधवेची पाणचक्की जाळली. ओडा तीन दिवस गढीच्या दारात बसून राहिली.

"तरणं रक्त आहे, महाराज," प्रधान म्हणाला. "बाईला नवी चक्की बांधून देऊ, झालं."

"चक्की तर द्यालच," ओडा ताडकन म्हणाली. "पण कुत्रा काय फक्त दुसऱ्यांच्या पोरांसाठीच पाळलाय?"

सम्राटाने आधी प्रधानाकडे, मग ओडाकडे पाहिलं. मला वाटलं, संपला आपला कायदा. शेवटी तो हळूच म्हणाला, "ग्रीमला आणा."

डीटमारने चरफडत मला शिवेपर्यंत नेलं आणि धपकन टाकलं. लोक पांगू लागले. तेवढ्यात सत्तरीचा सम्राट घोड्यावरून उतरला आणि त्याने मला उचललं.

"महाराज, हे काय भलतंच!" प्रधान ओरडला.

"पोराला वळण कुणी लावलं नाही? मीच ना? मग परतीची वाट माझी."

त्याला धाप लागली होती. मला फार वाईट वाटत होतं. जळक्या चक्कीपाशी ओडाच डोळे पुसत आडवी आली. "पुरे झालं, महाराज. ठेवा त्याला."

त्याच हिवाळ्यात सम्राट गेला. आता गादीवर डीटमार आहे आणि त्याला माझं तोंड बघवत नाही.

मित्रांनो, मुक्या जिवाला ओझं समजू नका. मला सात जणांनी खांद्यावर वाहिलं. खाली ठेवताना पाठीवरून हात फिरवला, तो एकट्या त्या म्हाताऱ्याने.