हयात की मयत?

मी शिक्का बोलतोय. लाकडी मुठीचा, रबरी तोंडाचा. अंगावर एकच शब्द, ‘दुरुस्ती’. तोही उलटा कोरलेला. कागदावर पडलो की सुलटा होतो.

नोंदणी कचेरीत तीस वर्षं काढली. कारकून तात्या चुकीवर लाल रेघ मारायचे, एकच, खालचं वाचता येईल अशी. शेजारी खरं लिहून सही, मग मी. खाडाखोडीचा त्यांना भारी राग.

पुढे कचेरीत ब्लॉकचेन आली. नोंदीला नोंद साखळीसारखी जोडलेली, प्रती ठिकठिकाणी, गुपचूप काही बदलायची सोयच नाही. चांगलंच की! मी मात्र ड्रॉवरमध्ये गेलो, टाचण्यांच्या शेजाराला. रुसलो होतो, खोटं कशाला बोलू?

एक दिवस शिवणकाम करणाऱ्या आजी आल्या. लेक-जावई अपघातात गेले, नात त्यांच्याजवळ. तिची पालक म्हणून नाव लावायचं होतं. पण जुन्या वह्या साखळीत चढवताना तात्यांनी आजींच्या नावापुढे यादीतल्या ‘हयात’ऐवजी खालचं ‘मयत’ निवडलं होतं.

“आठ दिवसांत पालक ठरला नाही तर पोर बालगृहात जाईल हो,” तात्या पुटपुटले.

“मी मेले असते तर तुमच्यासमोर येऊन बसले असते का?” आजी हसल्या. नातीचा हात मात्र त्यांनी घट्ट धरला होता.

साखळीतलं पुसता येत नाही, आणि दुरुस्तीचा नियमच नाही. तात्यांना अन्न गोड लागेना. शेवटी मला खिशात टाकून ते नियमांचा मसुदा करणाऱ्या वकीलबाईंकडे गेले.

“पुसायला कोण सांगतंय, बाई? चूक राहू द्या. पुढे नवी कडी जोडा. चुकलं कोण, सुधारलं कोण, पुरावा काय, सगळं लिहा. आणि यापुढे तीच नोंद खरी, एवढं कायद्याने म्हणावं.”

“चुकणाऱ्यात तुमचं नाव कायमचं राहील, तात्या.”

“राहू द्या. चुकलोय मीच.”

बाईंनी मला कागदावर उठवून पाहिलं आणि लिहायला बसल्या. सहाव्या दिवशी नियम निघाला. सातव्या दिवशी आजी हयात झाल्या, नात घरीच राहिली.

मी पुन्हा ड्रॉवरमध्ये आहे, पण रुसवा गेला. कायदा करणाऱ्यांनो, साखळी खुशाल पक्की करा. फक्त चुकलेल्याला ‘चुकलो’ म्हणायला जागा ठेवा, आणि ऐकायला एक माणूस.

शाळेत जाताना नात रोज खिडकीशी थांबते.

“तात्याआजोबा, आजी हयात आहे बरं का!”

“नोंद घेतली,” तात्या म्हणतात.