पडद्यावरचं मूळ

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर कुणाचे तरी वेडेवाकडे दात मुळासकट सरकत होते, शहाण्या पोरांसारखे रांगेत उभे राहत होते, आणि लोक टाळ्या पिटत होते.

"तार नाही, टोचणं नाही!" दात सरळ करायचे साचे विकणारे आशिषसर स्टेजवरून गरजले. "पारदर्शक साचा चढवा आणि विसरा! शेवटी मूळ कुठं असणार, ते आजच दाखवतो!"

"आयला, लई भारी हाय की!" करमाळ्याहून लेकीला घेऊन आलेले महिपती म्हणाले.

स्टेजवरचा हाच माणूस कपाळाला भस्म फासून आला असता, तर कमलाकर मास्तरांनी भर सभेत त्याचं पितळ उघडं पाडलं असतं. मंत्रानं पेटणारा नारळ खरा कशानं पेटतो, हे गावोगावी करून दाखवणारे विज्ञानशिक्षक ते! पण इथं भस्म नव्हतं, संगणक होता. मास्तर भाळले, आणि तिथंच लेकीच्या, ज्ञानदाच्या, दातांवरून यंत्र फिरवून घेतलं.

"बाबा, यांनी एक्स-रे काढलाच नाही," ज्ञानदा हळूच म्हणाली. पुढे आलेल्या दातांपायी ही पोर तोंडावर हात धरूनच हसायची.

"अगं, मुळं दिसताहेत की पडद्यावर!"

मास्तरांनी पैसे भरले, साचे घरपोच येत गेले. दात रांगेत आले, ज्ञानदा मोकळं हसू लागली. जुळे सोलापुरातल्या अख्ख्या बिल्डिंगला मास्तरांनी पेढे वाटले. मग पुढचा एक दात हलायला लागला, आणि आशिषसर फोन उचलेनात.

दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टर ऋतुजांनी आतलं हाड दाखवणारा एक्स-रे काढला.

"सर, त्यांच्या यंत्राला हिरडीच्या वरचंच दिसतं. खालचं मूळ संगणकानं अंदाजानं काढलेलं चित्र होतं. साचा दाताचा वरचा भाग ढकलतो, मूळ तसंच येईल याची खात्री नसते. हिचा दात वरून आत वळला आणि मूळ उलट ओठाकडे, हाडाबाहेर निघालं."

"म्हणजे साचेच खोटे?"

"नाही हो. मधूनमधून तपासलं तर उपयोगी आहेत. इथं कुणी तपासलंच नाही."

"दात वाचेल?"

"नाही, सर."

रिक्षात मास्तर लेकीकडे वळले. "बोल की गं मला काहीतरी. चिड तरी!"

"काय चिडू, बाबा? विचारायला तुम्हीच शिकवलंत. मी विचारलं होतं," ज्ञानदा म्हणाली, आणि तिनं पुन्हा तोंडावर हात धरला.

पुढच्या कार्यक्रमात मास्तरांनी नारळ पेटवला नाही. एका हातात पडद्यावरचं चित्र, दुसऱ्या हातात एक्स-रे धरून ते उभे राहिले.

"पोरांनो, बुवाला विचारता ना, हे तुला कसं कळलं म्हणून? तेच संगणकालाही विचारा. आणि मोठ्यांनो, घरातलं लेकरू विचारत असेल, तर त्याला गप्प करू नका. मी केलं. माझ्या लेकीचा दात गेला."