वळणावरचा भोंगा

"दंड भरून टाकतंय नि मोकळा होतंय. तुम्ही फक्त कबुलीचा अर्ज लिहून द्या," असे म्हणत धाकूने टोपीत खोचलेले समन्स काढून राजाभाऊ वकिलांपुढे ठेवले. आरोप मोटार भरधाव हाकल्याचा होता.

रत्नागिरीतल्या मोटारवाल्यांचा हा रिवाजच पडला होता. कोर्टात जायचे, "गुन्हा कबूल" म्हणायचे आणि दुपारच्या आत पुन्हा चाकावर बसायचे. दिवसभर व्हरांड्यात ताटकळत कोण बसणार?

राजाभाऊंनी लेखणी उचलली नाही. "तुझे लायसन बघू," ते म्हणाले. त्यांनी ते उलटून पाहिले. मागे लाल शाईत गेल्या वर्षीचा शेरा होता.

"हा कसला?"

"भरधावचाच. तेव्हापण कबूल म्हटलेलं."

"धाकू, दुसरा शेरा पडला की लायसन रद्द होईल. दंडाचे राहू दे, तुझा हात कायमचा चाकावरून सुटेल. आता खरे सांग. त्या दिवशी गाडी जोरात होती?"

"देवाशपथ नाय. गाडी भरलेली होती, उतार होता. पण पोलीस जमादाराकडं घड्याळ होतं. घड्याळापुढं आपला काय चालतंय?"

"घड्याळ वेळ सांगते, वेग नाही," राजाभाऊ उत्साहाने उठले. "वेगाला अंतर लागते. अंतर त्यांनी कुठून कुठवर धरले? चल, जागेवर जाऊ!"

जमादार उभे राहत ते उताराच्या पायथ्याशी, नाक्यावर. राजाभाऊ तिथे उभे राहिले आणि त्यांनी उताराच्या वरच्या टोकाकडे पाहिले. वळण दिसेच ना. मध्ये जांभ्या दगडाच्या कुंपणाचा उंच गडगा होता.

"मग गाडी वळणावर आलेली त्यांना कळली कशी?"

"भोंगा ऐकून," धाकू म्हणाला. "वळणावर भोंगा वाजवायचा नियमच आहे. सगळे तिथंच वाजवतात."

"आणि तू?"

धाकूने मान खाली घातली. त्या दिवशी शेजारच्या उतारूशी बोलण्याच्या नादात वळणावर भोंगा राहून गेला होता. खाली ओढ्यावरच्या मोरीपाशी काकडीवाली चिमा पाटी उतरवून बसलेली एकदम समोर दिसली, तेव्हा त्याने घाईघाईने वाजवला.

राजाभाऊंनी पावलांनी रस्ता मोजला. मोरी वळण आणि नाका यांच्या बरोबर मधोमध होती. "निम्मे अंतर!" त्यांचे डोळे चमकले. "जमादारांनी वेळ मोजली मोरीपासून आणि अंतर धरले वळणापासून. म्हणजे तुझा वेग दुप्पट दिसला. हे चिमाने कोर्टात सांगितले की झाले."

"म्हणजे एका गुन्ह्यातनं सुटायला दुसरा कबूल करायचा?" धाकू चाचरला. "त्यापेक्षा कोर्टाच्या पायरीवर साक्षीदार मिळतात. मोटार बैलगाडीच्या मागून चालली होती म्हणून सांगेल एखादा."

"खोटा साक्षीदार एका प्रश्नात कोसळतो आणि तुझे खरेही त्याच्याबरोबर बुडते. जे घडले ते सगळे सांग, नाहीतर माझ्याकडे येऊ नकोस."

धाकू चिमाच्या अंगणात गेला तेव्हा ती खराटा घेऊनच उभी होती. "तुझ्यावतीनं बोलू? माझ्या काकड्या चिरडल्यास नि थांबलासपण नाय!"

"माझ्यावतीनं नको. झालं तेवढं सांग. माझी चूकपण सांग."

चिमाने त्याला खालवर न्याहाळले. "सगळा सांगेन हां. मग रडत येशील."

कोर्टात जमादारांनी सरळ जबानी दिली : वळण दिसत नव्हते, भोंग्याच्या आवाजावर घड्याळ सुरू केले. मग चिमा उभी राहिली.

"वळणावर ह्यानं वाजवलानच नाय, सायेब. मी मोरीवर बसलेली. अंगावर आला तेव्हा वाजवलान. माझ्या काकड्या पार नाक्यापर्यंत गडगडल्या."

"मोटार जोरात होती?" राजाभाऊंनी विचारले.

"जोरात असती तर मी हितं उभी राहिली असती काय?"

कोर्टात हशा पिकला. जमादारही ओठ दाबून हसले. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी अंतराचा हिशेब दोनदा करून पाहिला आणि भरधावचा आरोप काढून टाकला. मग त्यांनी भोंग्याबद्दल विचारले.

"गुन्हा कबूल," धाकू म्हणाला. या खेपेला ते शब्द उच्चारताना त्याला मान वर ठेवता आली. त्याचा किरकोळ दंड झाला. लायसन वाचले.

बाहेर आल्यावर तो चिमाला म्हणाला, "तू धावलीस म्हणून मी वाचलो."

"मी धावली कुठं? त्या दिवशी उडी मारली म्हणून मी वाचली," चिमा म्हणाली. "काकड्यांचे पैसे दे आधी."

धाकूने दिले, आणि तिथेच त्याच्या अंगावर काटा आला. चिमाची उडी जरा हुकली असती, तर कोणत्या साक्षीने त्याला सोडवले असते?

नागरिक बंधुभगिनींनो, आरोप आला की आधी विचारा : कुठून मोजले, कशाने मोजले, पाहिले की ऐकले? विचारणे हा आपला हक्क आहे. घाईची कबुली स्वस्त वाटते, पण तिचा शेरा पुढच्या वळणावर आडवा येतो. आणि आपली चूक असेल, तर ती दुसऱ्याने सांगण्याआधी आपणच सांगावी. खरे अर्धे सांगून चालत नाही.

आजही उतारावरच्या वळणावर धाकूचा भोंगा लांबलचक वाजतो. मोरीवर बसलेली चिमा पाटी सावकाश कडेला ओढते आणि पुटपुटते, "ऐकलं रे बाबा, ऐकलं."