उशीवरचा रिसीव्हर

उडणाऱ्या माणसांचे सिनेमे मला कधीच आवडले नाहीत. त्या नायकांना आईबाप नसतात, आणि असलेच तर पहिल्या पाच मिनिटांत मारून टाकलेले असतात. जग वाचवून झालं की हे एकटे कुठल्यातरी गच्चीवर उभे. ना दूध तापवायचं, ना कुणाचा डबा भरायचा. असं काय, कुणीही जग वाचवेल.

माझ्या मुलीचा, सृष्टीचा, लाडका कार्टून सिनेमा मात्र मला तोंडपाठ होता, आणि खरं सांगायचं तर तो माझाही लाडका होता. त्यात सगळं घरच अचाट शक्तीचं. वडिलांना कितीही लांबची हाक ऐकू येते. आई हात लावेल ती वस्तू हलकी होते, त्यामुळे ती बस उचलते, पूल उचलते, आणि घरी येऊन डब्याचं झाकण शोधत बसते. आजोबा उडतात, पण कुठं निघालो होतो तेच विसरतात आणि लोकांच्या छपरांवर धपकन पडतात. मोठ्या मुलाच्या नुसत्या बोटांनी दिवे लागतात. धाकट्या मुलीला काहीच येत नाही. ती सगळ्यांकडे बघत असते.

मला तो वेगळा वाटायचा तो एवढ्यासाठी, की त्यांच्या शक्ती फक्त बाहेर चालतात. घरात एकीचाही उपयोग नाही. घरात त्यांनाही आपल्यासारखंच एकमेकांच्या तोंडाकडे बघून अंदाज करावा लागतो.

माझा नवरा राकेश सॉफ्टवेअरमध्ये. कंपनीनं त्याला अमेरिकेत पाठवलं ते सहा महिन्यांसाठी. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, सगळा जन्म खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत गेला. त्यांनी क्वार्टर्समध्ये घरोघर पेढे वाटले. आमच्या दोन्ही घरांतला विमानात बसलेला पहिला माणूस! मग सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. आम्हाला तिकडे न्यायचं ठरलं, तर व्हिसा अडला. मग प्रोजेक्ट बदलला. मग 'यंदा राहू दे' झालं. मी टेलिफोन खात्यात तक्रारी घ्यायला बसते. दिवसभर लोकांना 'लाइन बघतोय, होईल सुरू' असं सांगते, त्यामुळे ही भाषा मला चांगलीच कळते. अण्णासुद्धा एकदा म्हणाले, "जावईबापू तिकडची बॉर्डर सांभाळतायत काय?" मी त्यांच्यावर चिडले. कारण आमच्याकडे रविवार होता.

रविवारचं असं होतं. सिनेमाची सीडी मी स्वारगेटच्या फुटपाथवरून घेतली होती, हिंदीतली, दोन तबकड्यांची. राकेशनं तिकडे ओरिजिनल डीव्हीडी घेतली होती. आमच्याकडे रविवारची सकाळ आणि त्याच्याकडे शनिवारची रात्र असताना तो कॉलिंग कार्डावरून स्वस्तात फोन लावायचा. आमच्या फोनचा स्पीकर बिघडलेला, म्हणून सृष्टी टीव्हीपुढे उशी ठेवायची आणि तिच्यावर रिसीव्हर आडवा करायची. मग "एक, दोन, तीन, चालू!" आम्ही इकडे, तो तिकडे, पण सिनेमा एकच. पहिली तबकडी संपली की सृष्टी ओरडायची, "थांबा हं पप्पा, सीडी बदलते!" राकेश थांबायचा. आजोबा छपरावर पडले की तो हसायचा. ते हसू रिसीव्हरमधून बारीक ऐकू यायचं आणि मला वाटायचं, आहे, संसार आहे आपला. बाकीचा आठवडा त्या एका हसण्यावर निघायचा. यात काही अतिशयोक्ती नाही. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

सृष्टीचा एक वात्रटपणा मात्र मला आवडायचा नाही. विनोद यायच्या आधीच ती रिसीव्हरजवळ तोंड नेऊन ओरडायची, "आता बघा पप्पा, आता आजोबा पडणार!" मी रागवायचे, "अगं, त्यांना दिसतंय ना! गंमत घालवतेस सगळी." ती ऐकायची नाही. उशीही सरकवत सरकवत टीव्हीला चिकटवायची.

तिला आठवं लागलं तेव्हा मी दिवाळीच्या बोनसमधून डीव्हीडी प्लेअर आणला आणि त्याच सिनेमाची ओरिजिनल डीव्हीडी. पप्पांकडे आहे अगदी तीच, असं मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. वाढदिवसाच्या संध्याकाळी आम्ही दोघी ती बघत बसलो. चित्र इतकं स्वच्छ, की आजोबांच्या नाकातले केससुद्धा मोजून घ्यावेत.

आणि मधेच, आमची पहिली तबकडी जिथं संपायची तिथं, एक भाग आला जो आम्ही कधी बघितलाच नव्हता. स्वयंपाकघर. आई ओट्याशी, वडील दाराशी. दोघं दबक्या आवाजात भांडतायत. जगाची हाक ऐकू येणाऱ्या त्या माणसाला बायको म्हणते, माझं तुम्हाला वर्षभरात काही ऐकू आलेलं नाही. मुलं जिन्यात बसून सगळं ऐकतायत. आईची चाहूल लागताच दोघं पळतात आणि अंथरुणात झोपेचं सोंग घेतात. चांगला लांबलचक भाग होता. फुटपाथवाल्यानं दोन तबकड्यांत बसत नाही म्हणून कापून टाकला असणार.

सगळ्या सिनेमातला हाच भाग सर्वांत चांगला आहे, असं माझ्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं. राकेशच्या डीव्हीडीत हा भाग असणारच. दर रविवारी आमची दुसरी तबकडी सुरू व्हायची तेव्हा त्याच्याकडे हे भांडण सुरू व्हायला हवं होतं. पुढचं सगळं त्याच्याकडे मागाहून यायला हवं होतं. तो कधीच मागे पडला नव्हता. आजोबा आमच्या टीव्हीवर पडायचे आणि तो तिकडे त्याच क्षणी हसायचा. वर्षभर.

सृष्टी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आई, हे पप्पांना सांगू नकोस हं." मला वाटलं, पोरीला पप्पांना चकित करायचंय. मी मान हलवली.

रविवारपर्यंत मी त्याच्या बाजूनं किती युक्तिवाद केले! त्याची डीव्हीडी वेगळी असेल. तो पुढे ढकलत असेल. दमून पडल्या पडल्या नुसता ऐकत असेल, त्यात काय बिघडलं? दुसऱ्याच्या बिघडलेल्या लाइनची कारणं शोधताना माझं डोकं इतकं कधी चाललं नव्हतं.

रविवारी फोन आला. सृष्टी म्हणाली, "जुनी सीडीच लावू या ना, आई." मी डीव्हीडी लावली. एक, दोन, तीन, चालू. सृष्टी नेहमीसारखी रिसीव्हरजवळ ओणवी. ती जागा जवळ आली तसा तिनं रिमोटसाठी हात पुढं केला. रिमोट माझ्या मांडीखाली होता. पडद्यावर स्वयंपाकघर आलं आणि मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. गुडघ्यांवर बसून मी उशीला कान लावला.

तिकडे सिनेमा नव्हता. नळ वाहत होता. भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी खुर्ची सरकवली. मग एक बाई बोलली, मराठीतच, अगदी घरातल्या आवाजात, "अजून किती वेळ रे?"

राकेश म्हणाला, "झालंच आता. शेवटी पूल पडतो, बायको तो उचलते, मग संपतं."

"दर आठवड्याला काय हे!"

"लहान आहे गं ती," राकेश म्हणाला. नळ बंद झाला.

मला ओरडायचं होतं. रिसीव्हर भिंतीवर आपटायचा होता. बोपोडीचा हा फ्लॅट, अण्णांचे पेढे, नातेवाइकांना सांगितलेली तीच तीच कारणं, सगळं माझ्या डोळ्यांपुढे एकदम आलं आणि त्यातल्या कशालाच काही अर्थ उरला नाही. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पडद्यावर ती दोन मुलं अंथरुणात डोळे घट्ट मिटून पडली होती. मी तोंडावर हात दाबून धरला.

सृष्टी माझ्या शेजारी येऊन बसली. घाबरली नव्हती, तिला नवलही वाटलं नव्हतं. तिनं रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूवर आपला तळवा नीट दाबून धरला, रोजचं काम असल्यासारखा, आणि माझ्या कानात म्हणाली, "आई, आवाज लाव ना. कधी हसायचं ते पप्पांना कळणार नाही. मग ते फोन करायचेच नाहीत."

मी तिच्याकडे बघत राहिले. मोठ्यानं सांगितलेला प्रत्येक विनोद, टीव्हीला चिकटवलेली प्रत्येक उशी. तिला काय काय ऐकू आलं असेल आणि कधीपासून, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"लवकर, आई. आजोबा येतील आता."

मी रिमोट काढला आणि आवाज वाढवला. सृष्टीनं तळवा उचलला, रिसीव्हरजवळ तोंड नेलं आणि आनंदानं ओरडली, "आता बघा पप्पा, आता पडणार!"

आजोबा छपरावर पडले. उशीवरून राकेश हसला, अगदी वेळेवर.