मानेवाली आणि मी

मी कमरवाली बोलतेय. नाव ऐकून हसू नका, ते मला लोकांनी दिलंय. मी नखाएवढी धातूची चकती, शेपटीला एक तार. अगदी अशीच माझी एक जोडीदारीण. दोघींच्या तारा एकाच डब्यात जातात आणि डब्याच्या काचेवर आमचे आकडे उमटतात. तिचा वर, माझा खाली. माझं दुखणं तिथूनच सुरू झालं बघा.

कारखान्यात आम्हाला एकाच पाण्यात बुडवलं होतं, तेव्हा दोघींनी एकच आकडा सांगितला. कारागीर म्हणाला, "जुळ्याच आहेत!" त्या एका शब्दावर मी किती दिवस खूश होते.

मग सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात आम्ही गोंडपिपरीकडच्या एका तलावाकाठच्या गावात आलो. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला देवकाबाईंच्या हाती सोपवलं. देवकाबाई घरोघरी जाऊन बाळ-बाळंतीण पाहायच्या. त्यांना समजावून सांगितलं ते मीही कान देऊन ऐकलं. नवजात बाळाला मोठ्या माणसासारखं कुडकुडून ऊब आणता येत नाही. म्हणून देवानं त्याच्या मानेमागे, दोन खांद्यांच्या मधे, तपकिरी चरबी ठेवलेली असते. थंडी लागली की ती जळते आणि बाळाला आतून शेकते. आत डोकावून तर पाहता येत नाही. तेव्हा वरून कातडी किती गरम आहे ते पाहून अंदाज बांधायचा. एक चकती मानेवर, एक कमरेवर.

मानेवर ती लागली. कमरेवर मी.

ज्या घरी जावं तिथे एकच विचारणा, "मानेवाली काय म्हणते?" तिचा आकडा वर चढलेला दिसला की बायका हात जोडत. मला कोण विचारतो? माझ्या वाट्याला ओला लंगोट. एकाच घरात दिलेल्या दोन बहिणी, आणि एकीच्याच हातचं सगळ्यांना गोड लागावं, तसं माझं झालं होतं. मी मनात म्हणायची, देवा, एकदा तरी तिला माझ्या बरोबरीला आण.

पौषात जया बाळंत झाली. तलावातली मासळी विकणारं घर. मुलगी झाली, पण जन्मतःच लहानखुरी. जयाचं आधीचं लेकरू हाती लागलं नव्हतं, म्हणून तिची सासू भागीरथाबाई नवस बोलली होती: हे लेकरू जगलं, तर पाचवीला त्याला उघड्या अंगानं सुपात घालून सटवाईपुढे ठेवीन, दिवा शांत होईस्तोवर अंगाला चिंधी लावणार नाही.

पहिल्या दिवशी भागीरथाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मानेवालीचं समजलं. पण हे कमरवाली काऊन लावता? उगी लेकराले टोचते."

"राहू द्या न बाई, तिचंही काम हाये," देवकाबाई म्हणाल्या. काय काम, ते मात्र सांगितलं नाही.

पाचवीच्या सकाळी तलावावरून गार वारा येत होता. देवकाबाई पोहोचल्या तेव्हा पूजा मांडलेली होती. सुपात मूठभर तांदूळ, तांदळावर ती उघडी पोर. त्यांनी आम्हाला लावलं. काचेवर आकडे उमटले.

वरचा आणि खालचा, दोन्ही सारखे!

अहो, काय सांगू! कारखान्यातल्या पाण्यानंतर पहिल्यांदाच आम्ही बरोबरीला आलो होतो. आज मानेवालीचा तोरा उतरला म्हणून मी हरखले. मग देवकाबाईंचा चेहरा पाहिला.

"जया, लेकरू दूध पेते का?"

"रातपासून तोंडच लावत नाई."

"मानेतली ऊब विझली इची. कमर थंडी अन् मानही तेवढीच थंडी. इचं अंग आता इले शेकून नाई राह्यलं." त्यांनी पोरीला उचलायला हात घातला. "दादाजी, सायकल काढा, गोंडपिपरीहून जीप आणा!"

पोरीचा आजा चपला न घालताच निघाला. भागीरथाबाई मात्र सुपाला धरून बसल्या. "दिवा जळून राह्यला अजून. नवस मोडला तर सटवाई लेकरू नेईल माह्यं!"

देवकाबाई त्यांच्याजवळ बसल्या. "देवीनं चिंधी लावू नको म्हटलं न? नका लावू. पण सूप बांबूचंच पाहिजे असं म्हटलं का? उघडी पोर उघडीच जयाच्या छातीवर ठेवू. पांघरूण जया घेईल. तिनं तर नवस बोलला नाई?"

भागीरथाबाईंनी दिव्याकडे पाहिलं, पोरीच्या निळसर ओठांकडे पाहिलं. मग स्वतःच जयाच्या पोलक्याची गाठ सोडली. "मायच्या अंगावर ठेव, सटवाईची नजर तिथीही पोचते."

आईच्या अंगाला अंग लागलं. वरून दोन गोधड्या. देवकाबाई चमच्यानं दुधाचे थेंब ओठात सोडू लागल्या. त्या गोधडीत मीही हात जोडले, मला हात नसले तरी. म्हटलं, आई सटवाई, मानेवालीला माझ्या वर चढव. मी पुन्हा तिचा हेवा करणार नाही.

जीप आली. पोर तशीच आईच्या छातीवर दवाखान्यात गेली, आम्हीही गेलो. काही दिवसांनी कपडे बदलताना तिला वारा लागला. माझा आकडा खाली घसरला, मानेवालीचा वरच राहिला. देवकाबाईंनी काच भागीरथाबाईंना दाखवली. "पाहा, कमर थंडी झाली, तरी मान गरम. पोर आपली आपण शेकून राह्यली!"

"म्हणजे ही खाली गेली म्हणून ते समजलं?" भागीरथाबाई हसल्या आणि मला बोटानं हळूच पुसलं. "टोच बाई, टोच."

आता डबा बंद पडलाय. मानेवालीची तार तुटली, ती कुठे गेली कोण जाणे. मी देवकाबाईंच्या देवळीत हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी असते. परवा तीच पोर आली, दिव्यानी. आता शाळेत जाते. तिनं मला उचललं.

"मोठीमाय, हे कुठी लावत होतीस मले?"

"कमरेले," देवकाबाई म्हणाल्या.

पोरीनं ऐकलं न ऐकलं आणि मला उचलून मानेवर टेकवलं. "इथी गुदगुल्या होतात!"

काचेवर काही उमटलं नाही. पण मानेवाली, जिथे असशील तिथे ऐक. मी तुझ्या जागेवर जाऊन आले. मान छान गरम आहे.