मॅनेजर काढायची सभा

खुशाल मडावीला हाकलायचं, हे मी सावली गावच्या मैदानावरच ठरवलं होतं. सातवी मॅच, सातवी हार, आणि या वेळी तर पाच गोल. पाचवा गोल आमच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून गेला, तेव्हा हे आमचे मॅनेजर बाकावर बसून पाण्याची कॅन हलवून बघत होते, किती पाणी उरलंय म्हणून.

हार मी एक वेळ गिळली असती. पण हा माणूस दर मॅचला अर्धा वेळ झाला की माझ्या सुनिलला बाहेर काढतो आणि नीलाबाईच्या नातवाला, कोलूला, आत घालतो. कोलू! चेंडू आणि दगड यातला फरक त्याला लाथ मारल्यावर कळतो. माझा सुनिल डावीकडून सुटला की समोरचे दोघं-तिघं नुसते बघत राहतात. येत्या रविवारी गडचिरोलीला मॅच होती आणि जिल्ह्याची टीम निवडणारे साहेब बघायला येणार होते. त्यांच्यासमोर सुनिलने पूर्ण नव्वद मिनिटं खेळावं, एवढंच मला हवं होतं. मी स्वतः सोळाव्या वर्षी खेळ सोडून बापामागे बांबू तोडायला गेलो. माझं राहिलेलं पोराने करावं असं मला वाटत होतं, आणि ते सांगायची मला लाज नाही.

पण आमच्या कोसमटोल्यात कोणाला काढणं सोपं नाही. इथे मतं मोजत नाहीत. बांबूची तोड असो की तळ्यातली मासेमारी, अठरा वर्षांवरच्या प्रत्येक बाई-पुरुषाने सभेत तोंडाने ‘होय’ म्हणायचं. एक जरी ‘नाई’ आलं, तरी काम तिथेच थांबतं. फक्त नाही म्हणणाऱ्याने कारण सगळ्यांसमोर सांगायचं. क्लब गावाचा, म्हणून मॅनेजरलाही हाच नियम.

म्हणून मी चार दिवस घरोघर फिरलो. कोणाला चहा पाजला, कोणाला सुनावलं, कोणाला पाच गोलांचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवला. माझ्या घरचं होय मी धरूनच चाललो होतो.

शुक्रवारी सकाळी गोटुलात, म्हणजे आमच्या सभेच्या मांडवात, सारं गाव जमलं. म्हातारे गुणवंतराव सभा चालवायला मधोमध बसले. खुशाल एका कडेला, हातपंप दुरुस्त करून थेट आलेला, हाताला ग्रीस तसंच.

पवनने सुरुवात केली. मॅच कुठेही असो, ओरडायला हा पहिला. “सात मॅचा! सावलीचे पोट्टे आपल्याले पाहून हासून राह्यले. परवा एकानं मले इचारलं, तुमी खेळाले येता का पोहे खायले?”

“याच्या आंधी कोन होता मॅनेजर?” नीलाबाई म्हणाली. “कोनीच नाई. आपले पोट्टे दारूच्या भट्टीवर बसत होते. खुशालनं त्याईले मैदानात आनलं.”

“तुमचा कोलू खेळते म्हणून गोड लागून राह्यलं तुमाले, बाई!” मी उठलोच. “कोलू आत आला का आपन उरतो दहा, आन समोरचे होते बारा!”

सारा मांडव हसला. म्हातारीने पदराने तोंड पुसलं. मला वाईट वाटलं, पण थोडंच. मी खुशालकडे वळलो.

“खुशालभाऊ, तुमीच सांगा. माझ्या पोराले दर खेपेले काऊन काढता?”

“कोनाले ठेवाचं, कोनाले काढाचं, ते मॅनेजरचं काम हाये लटारूभाऊ.”

“कारन सांगा.”

“नाई सांगत.”

मग काय, आगीत तेलच पडलं. कोणी म्हणालं माजला. कोणी म्हणालं, पंपाचे नट पिळता पिळता याचं डोकं फिरलं. पवनने तर खुशालच्या बापाच्या वेळची भांडणं उकरून काढली. खुशाल बोटांवरचं ग्रीस चिंधीने पुसत राहिला. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला इतका राग आला की बस. वाटलं, हा आम्हाला मोजतच नाही.

गुणवंतरावांनी हात वर केला आणि होय घ्यायला सुरुवात केली. ओळीने होय येत गेलं. बायांच्या बाजूला माझी बायको कमला बसली होती. तिने जमिनीकडे बघत हळूच “होय” म्हटलं. नीलाबाईने बराच वेळ लावला. सगळे तिच्याकडे डोळे वटारून बघत होते. शेवटी ती म्हणाली, “सगळ्यांचं हाये तं माझंही होय.”

मी छाती फुगवून पवनकडे बघितलं. तेवढ्यात गुणवंतराव म्हणाले, “खुशाल, तुबी याच सभेतला हायेस. तुहं काय?”

चार दिवस गावभर फिरलो आणि ज्याला काढायचं त्याचंही होय लागतं, हे डोक्यातच आलं नव्हतं! असा गाढवपणा फक्त आमच्याच गावात होऊ शकतो.

खुशालने चिंधी खिशात घातली. “माझं होय हाये,” तो म्हणाला.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण नुसतं सुटल्यासारखं वाटलं.

“कोनी राह्यलं का?” गुणवंतरावांनी विचारलं.

“मी राह्यलो.”

मागच्या खांबाजवळून सुनिल पुढे आला. दिवाळीतच त्याला अठरा पूर्ण झाली होती. सभेत मोजला जायची ही त्याची पहिलीच वेळ.

“माझं नाई,” तो म्हणाला.

मला हसूच आलं. “अबे, तुह्यासाठीच तं करून राह्यलो हे सगळं!”

“लटारू, खाली बस,” गुणवंतराव म्हणाले. “सुनिल, कारन सांग.”

सुनिलने खुशालकडे बघितलं. खुशाल मान हलवून नको नको म्हणत होता.

“मले सिकलसेल हाये,” सुनिल म्हणाला. “पोळ्याच्या मॅचले मी पडलो, तवा खुशालकाकानंच मले गाडीवर दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणले, दमेपर्यंत खेळू नको, पानी पीत राह्य. अर्ध्या वेळेपर्यंत माझ्या मांड्या न् पाठ ठनकाले लागते. मंग काका मले काढते. मीच हात जोडले होते का कोनाले सांगू नका.”

पवन माझ्यापासून थोडा सरकून बसला. चार दिवस माझा चहा पिणारे आता माझ्याकडे असे बघत होते की जणू पाचही गोल मीच खाल्ले. तेव्हा मी जे नेहमी करतो तेच केलं. ओरडलो.

“माझ्या पोराचं दुखनं तुले माहीत आन मले नाई? कोन लागतो रे तू त्याचा?”

“कोनी नाई,” खुशाल म्हणाला. “तुमाले सांगतलं तं हा दवाखान्यातबी येनार नाई म्हणला. मंग काय करू?”

“बाबा, तुमाले काय सांगाचं?” सुनिलचा आवाज चढला. तो माझ्याशी असा कधीच बोलला नव्हता. “धानाच्या रोवन्याच्या वेळी पाय दुखते म्हणलं, तं बांधीतल्या साऱ्या बायांसमोर तुमी म्हणले, पोट्टं नाटक करून राह्यलं.”

म्हणालो होतो. वर त्याला अंधार पडेपर्यंत चिखलात उभा ठेवला होता.

गुणवंतरावांनी ठराव पडल्याचं सांगितलं. खुशालच मॅनेजर राहील, रविवारी सुनिल खेळला तर अर्धाच वेळ खेळेल. लोक उठले. नीलाबाई माझ्यासमोरून निघून गेली. सुनिल खुशालच्या गाडीवर मागे बसून निघून गेला. मांडवात मी आणि चटया गुंडाळणारी कमला एवढेच उरलो.

“तुले माहीत होतं?” मी विचारलं.

“पोळ्यापासून. त्याचे पाय मीच शेकते.”

“मंग होय काऊन म्हणली? तूच नाई म्हणली असती तं...”

कमलाने चटई खाली ठेवली आणि त्या सकाळी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

“सभा संपते, सुनिलचे बाबा,” ती म्हणाली. “मंग मले तुमच्यासंगच घरी जाचं असते.”