कव्हर काढू नये

ऐकू येतंय ना? जरा मोठ्यानं बोलतोय, राग मानू नका. तोंडावर प्लास्टिक असताना ओरडून बोलायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही.

मी एक लॅपटॉप. घरी सिनेमे बघायला घेतात तो नव्हे, ऑफिसच्या कामाचा. त्यातही मी विकायला नव्हतो, मी होतो 'नमुना'. म्हणजे एखाद्या कंपनीनं मला आधी वापरून बघायचं, पसंत पडलो तर माझ्यासारखे ढीगभर मागवायचे, नाहीतर मला खोक्यात घालून आल्या वाटेनं परत पाठवायचं. वापरून बघायचं, हे शब्द लक्षात ठेवा. माझं सगळं दुखणं त्यातच आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक पट्ट्यावर झाला. लाड असे नाहीतच. मला थंडीत ठेवलं, उकाड्यात ठेवलं, यंत्राच्या बोटांनी माझी बटणं दिवसभर बडवली. झाकण उघडून-मिटून माझी बिजागरी दमली नाही, पण ते यंत्र मध्येच बंद पडलं. मला तेव्हा मोठा अभिमान वाटला होता. शेवटी एका बाईनं माझ्या पडद्यावर, कॅमेऱ्यावर आणि बोट फिरवायच्या चौकोनावर दुधी प्लास्टिक चिकटवलं. प्रवासात ओरखडा उठू नये म्हणून, एवढंच. कोपऱ्यात पिवळी शेपटी सोडली आणि तिच्यावर बाण छापला : इथून ओढा. मला वाटलं, एवढा ठसठशीत बाण आंधळ्यालाही दिसेल.

मला काय ठाऊक, माझी गाठ तात्यांशी पडणार आहे!

मी पोचलो ते पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात. तात्या तिथले खरेदीचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण जपून ठेवण्याचा त्यांना नादच. त्यांच्या स्कूटरच्या सीटवर दुकानातून आलेलं प्लास्टिक होतं, तेही फाटून त्याच्या चिंध्या लोंबत होत्या. मला खोक्यातून काढताच त्यांनी सगळ्यांना दम भरला, "हे बघा, परत करायचा माल आहे. कव्हर कुणीही काढायचं नाही. ओरखडा उठला तर आपल्या गळ्यात पडेल." वर त्यांनी बटणांवर स्वतःकडचं एक जाड प्लास्टिक पसरलं, आणि टेबलाला घासू नये म्हणून मला कापडी पिशवीतच बसवलं. माझी हवा खालून जाते हो! पण सांगणार कुणाला?

मग माझी परीक्षा सुरू झाली.

विक्रीच्या साहेबांनी मला दोन बोटांनी उचललं आणि म्हणाले, "वजनाला बरा आहे." मग त्यांनी माझ्यावरून एका ग्राहकाला व्हिडिओवर गाठलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "साहेब, तुम्ही धुक्यात बसलाय का?" साहेबांनी व्हिडिओ बंद केला आणि शेरा मारला, "कॅमेरा भंगार आहे."

हिशेबनीस बाईंनी चार ओळी टाइप केल्या. "छे! गादीवर बोटं आपटल्यासारखं वाटतं," म्हणून त्यांनी नाक मुरडलं.

संगणक विभागाच्या माणसाला ऑफिसात सगळे 'रीस्टार्ट' म्हणायचे, कारण कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे तेवढं एकच औषध. चौकोनावर बोट फिरवूनही पडद्यावरचा बाण हलेना, तेव्हा त्यानं मला बंद करून चालू केलं. तरी हलेना. पुन्हा बंद, पुन्हा चालू. माझ्या डोक्यात अशी तिडीक जायची! अरे बाबा, तुझ्या बोटाखाली प्लास्टिक आहे, नखानं उचल की जरा! तेवढ्यात पिशवीत घुसमटून मी तापलो. रीस्टार्टनं मला हात लावून बघितला आणि डॉक्टरसारखी मान हलवली, "गरम होतोय. मूळचाच दोष दिसतो."

माझ्याआधी दोन नमुने असेच येऊन नापास होऊन गेले होते. का, ते आता मला कळलं.

आणि माझ्या निकालाची सगळ्यात जास्त वाट बघत होती ताई. तक्रार विभागात ती दिवसभर टेबलावरच्या जुन्या संगणकापाशी बसून लोकांना उत्तरं लिहायची : पंप पाणी ओढत नाही, पंप आवाज करतो. घरी तिचे बाबा. पडून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तेव्हापासून पलंगावर. दिवसा शेजारच्या मावशी त्यांच्यापाशी बसायच्या, पण महिनाअखेरीस त्या मुलीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. लॅपटॉप आले की तक्रार विभागाला घरून काम करू देऊ, असं कंपनीच्या मालकीणबाईंनी कबूल केलं होतं. नाही आले, तर ताईला नोकरी सोडण्यावाचून इलाज नव्हता. म्हणून येता-जाता ती माझ्याकडे बघून जायची. हात मात्र लावायची नाही. तात्यांची नजर असे ना!

निकाल लागला. अंधुक, मऊ, गरम, भंगार. तात्या म्हणाले, "हाही नापास. आता पुढच्या वर्षी बघू."

ताईनं विचारलं, "तात्या, यंदा काहीच नाही का होणार?"

"घाईनं घेतलं की फसायला होतं, बाळा. तू एवढा हा पॅक करून ठेव. दुपारी कुरिअरवाला येईल."

वरच्या खोलीत मालकीणबाईंसमोर बैठक बसली. खाली ताईनं खोकं उघडलं, तेवढ्यात तिचा फोन वाजला. मावशी होत्या. आवाज मोठा, मलाही ऐकू आला. "अगं, तुझे बाबा ऐकत नाहीत. उठून चालायचं म्हणतात. डॉक्टर खुशाल म्हणू देत चालवा म्हणून, मी म्हटलं पडाल, गप पडून राहा. आणि हे बघ, मुलगी सारखी विचारतेय कधी निघतेस म्हणून. तुझं काय ठरलं?"

"सांगते," एवढंच बोलून ताईनं फोन ठेवला. मला उचलून खोक्यात घालणार, तोच तिची नजर त्या पिवळ्या शेपटीवर गेली. बाण. इथून ओढा. तिनं वर बैठकीच्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाली, "जाऊ दे खड्ड्यात!" आणि ओढलं.

चर्र!

देवा! खिडकी कुठे आहे ते मला तेव्हा दिसलं. ताईचा चेहरा दिसला, रडवेला आणि चिडलेला. तिनं चौकोनावरचं ओढलं, कॅमेऱ्यावरचं ओढलं, तात्यांचं जाड प्लास्टिक चुरगाळून फेकलं, पिशवी भिरकावली. मी मोठा श्वास घेतला. मला छातीशी धरून ती जिना चढून थेट बैठकीत घुसली.

तात्या किंचाळलेच, "अगं काय केलंस हे! आता परत कोण घेणार याला?"

"नका देऊ परत. एकदा बघा तरी."

मालकीणबाईंनी मला पुढ्यात ओढलं. चार ओळी टाइप केल्या. बोट फिरवलं, पडद्यावरचा बाण पळाला. कॅमेरा लावला, त्यांना स्वतःचा चेहरा लख्ख दिसला आणि त्यांनी पटकन केस सारखे केले. मग हळूच विचारलं, "तात्या, आधीचे दोन आपण कसे बघितले होते?"

तात्या खिडकीबाहेर बघू लागले. रीस्टार्ट म्हणाला, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो..." तो काही म्हणत नव्हता. मी साक्षीला आहे.

माझ्यासारखे ढीगभर लॅपटॉप मागवले गेले. ते आले त्या दिवशी तात्यांनी भिंतीवर सूचना लावली : कुणीही कव्हर काढू नये. ऑफिसातले माझे सगळे भाऊ आजही दुधी पडद्याआड बसलेत, आणि रीस्टार्ट त्यांना बंद-चालू करतोय. मी तर कपाळावर हातच मारला असता, पण मला हात नाहीत.

मी मात्र उघडा पडलेला माल. नवा म्हणून कुणाला द्यायचा नाही असं ठरलं आणि ताईच्या वाट्याला आलो. आता मी तिच्या घरी बाबांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर असतो. ती तक्रारींना उत्तरं लिहिते, आणि मधूनच उठून बाबांना हात देते. "चला बाबा, दारापर्यंत." पहिल्यांदा ते तीन पावलांत बसले. मग दारापर्यंत गेले. काल ते स्वतः स्वयंपाकघरात गेले आणि लेकीसाठी चहा घेऊन आले. कप हातात डगमगत होता. टेबलाशी येईपर्यंत निम्मा बशीत, आणि दोन थेंब माझ्या बटणांवर.

बाबा घाबरले. "अरेरे! नवा होता ना गं? तरी म्हणत होतो, यावर काहीतरी कव्हर घाल."

ताईनं पदरानं माझी बटणं पुसली. "नको बाबा. सांडू दे."

एका बटणाच्या कडेला चहाचा डाग राहिलाय, आणि ते बटण आता जरा चिकट लागतं. असू दे. तुमच्या घरी, ऑफिसात माझा कुणी भाऊबंद असेल, तर आज एवढंच करा. कोपरा शोधा आणि ओढा.